पाखऱ्याची शेवटची शर्यत

शहापूरला काय बघायला चाललीस, असं कोल्हापुरात मला भेटेल त्याने विचारलं. विचारणाऱ्यांचं काही चुकलं नाही. नाशिकला जाताना शहापूर लागतं आणि माळशेजला जाताना मुरबाड. लोक तिथे चहा घेतात, पाय मोकळे करतात आणि पुढे जातात. मी मात्र मुद्दाम तिथेच गेले, आणि तेही शर्यत बघायला. मोटारींची नव्हे, बैलांची.

आधी माझी ओळख करून दिली पाहिजे, नाहीतर पुढचं पटणार नाही. मी विमा कार्यालयातून निवृत्त झालेली बाई. मला गाडी चालवता येत नाही. तरुणपणी एकदा मोपेड शिकायला घेतली, ती शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या पापडांवरून गेली आणि तो विषय तिथेच संपला. पण फॉर्म्युला वनचं विश्वविजेतेपद कोणी कसं जिंकलं आणि कोणाचं कसं हुकलं, हे मला पाढ्यांसारखं पाठ आहे. हे वेड दादाचं. उद्यमनगरात त्याचं गॅरेज होतं. हाताचं ऑइल पुसत तो मला जुन्या शर्यतींच्या गोष्टी सांगायचा आणि मग आम्ही भांडायचो. गेल्या वर्षी दादा गेला. आता रविवारी शर्यत लागते तेव्हा मी एकटीच टीव्हीशी भांडते.

आमच्या भांडणाचा मुद्दा एकच असायचा. मी म्हणायची, विजेता म्हणजे ज्याचे गुण जास्त. बाकी सगळ्या गप्पा. दादा म्हणायचा, गुण म्हणजे फक्त बेरीज, माणूस त्यात मावत नाही. मला हे हरणाऱ्यांचं तत्त्वज्ञान वाटायचं.

नंदा माझी कॉलेजातली मैत्रीण. एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. पुढे ती लग्न होऊन शहापूरजवळच्या एका गावात गेली ती तिथलीच झाली. माघ महिन्यात तिचा फोन आला. "ये गो. यांच्या बैलाची शेवटची शर्यत हाय मुरबाडला. तुला शर्यतींचं वेड आणि मला वीट. तू यांच्यासोबत मैदानात जा, मी आपली घरात बसते."

कोल्हापूरची नंदा 'गं' सोडून 'गो' म्हणायला लागली, हे ऐकूनच मी पिशवी भरली.

सापगाव

आसनगाव स्टेशनला दत्ताभाऊजी, म्हणजे नंदाचे यजमान, मला न्यायला आले होते. उंच, काटक, मिशा पांढऱ्या आणि बोलणं मोजकं. शहापूरच्या बाजारातून निघालो आणि सापगावला भातसा नदीचा पूल लागला. नदी निवांत वाहत होती आणि मागे माहुलीचे सुळके उभे होते. आमच्याकडे माघात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते तुंबलेले असतात. इथे भात केव्हाच निघून गेलेला, खाचरांत कापल्या भाताचे खुंट, आणि त्यातच ओलीवर टाकलेला वाल. मोकळं मोकळं वाटत होतं. भाऊजींनी वाटेत एकच प्रश्न विचारला. "ताय, तुमी म्हणं मोटारीच्या शर्यती बघता. त्यात ते मोटारी पाळतात का विकत आणतात?"

दरवर्षी नवी बनवतात, असं मी सांगितलं.

"म्हंजे जुनीचं काय कर्तात?"

"ठेवून देतात कुठेतरी. संग्रहालयात."

भाऊजींनी मिशीवरून हात फिरवला. त्यांना हे आवडलं नसावं.

घरी पोचलो तर आधी गोठा, मग घर. पाखऱ्या तिथे उभा होता. पांढराशुभ्र, कपाळावर करडी झाक, डोळ्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या. आमच्याकडच्या खिल्लारांपुढे तो काही फार थोराड नव्हता, पण उभं राहण्याची ऐट अशी की मी नकळत पदर सारखा केला. भाऊजींनी त्याला वासरू असताना आणला होता. तेव्हापासून रोज सूर्य कलला की भाऊजी बांधावर उभे राहून एकच हाक देतात, "घराला येऽ रे बाबाऽ", आणि पाखऱ्या कुठेही चरत असला तरी मान वर करून धावत सुटतो. मी पहिल्याच संध्याकाळी ते पाहिलं. शर्यतीचा बैल तयार करायची भाऊजींची रीतही तीच. मैदानात ते सुरुवातीला नसतात, निशाणाजवळही नसतात. धावपट्टीच्या मध्यावर, डाव्या बांधावर उभे राहतात आणि बैल जवळ आला की तीच हाक देतात. मग तो जिवाच्या आकांताने पळतो. त्याच्या लेखी ती शर्यत नसते, तो घरी निघालेला असतो.

इथल्या शर्यतीत छकडे दोन, प्रत्येकाला दोन बैल, आणि समोरासमोरचा एकच सामना. त्याला बिनजोड म्हणतात. जिंकेल त्याच्या बैलावर गुलाल. ढाल, गदा, फेटे असतात, पण गावात बोलबाला गुलालाचा. संध्याकाळी टेम्पोतून बैल उतरतो तेव्हा सगळा गाव आधी त्याचं कपाळ बघतो. गुलाल असला की वाजतगाजत दारात. नसला की लोक आपापल्या कामाला लागतात. मला हे पटलं. फॉर्म्युला वनमध्ये विजेत्याच्या मंचावर तिघांना चढवतात. तिसऱ्यालाही चषक देतात, म्हणजे काय ते?

पाखऱ्याच्या अंगावर आजवर पुष्कळ गुलाल पडलेला. पण गेल्या दोन शर्यतींत तो बिनगुलालाचा परत आला होता.

पोचले त्याच दिवशी पाखऱ्याची आणि माझी ओळख पक्की झाली. भाच्याने परदेशातून आणलेली शर्यतीची लाल टोपी मी हौसेने घातली होती. हात धुवायला गेले तेव्हा ती गोठ्याच्या मेढीला अडकवली. परत आले तर अर्धी टोपी पाखऱ्याच्या तोंडात होती आणि तो ती शांतपणे चघळत होता. नंदा इतकी हसली की तिला ओट्यावर बसावं लागलं.

"उडदाची डाळ, अंडी, दूध, सगळं गिळतो," ती म्हणाली. "आता टोपी पण."

तानसा

दुसऱ्या दिवशी नंदाने मला तानशाला नेलं. भाऊजी बैलाला गरम पाण्याने शेकत बसले होते. अशा वेळी घरात थांबण्यात अर्थ नसतो, असं ती म्हणाली. तलाव मोठा आणि स्तब्ध. जुनी दगडी भिंत, पलीकडे साग आणि ऐन, मध्येच पळस फुललेला. माणूस तुरळक. रंकाळ्यावर भेळ, फुगे आणि ओळखीची माणसं असतात. इथे फक्त पाणी आहे, आणि तेही इथल्या लोकांचं नाही. ते जाडजूड नळांतून मुंबईला जातं. नंदा म्हणाली, उन्हाळ्यात आजूबाजूच्या पाड्यांवरच्या बाया नळाच्या शेजारून हंडे घेऊन चालत जातात. तिने ते रागाने नव्हे, हवामान सांगावं तसं सांगितलं. मला मात्र त्यानंतर ते निळं पाणी पहिल्यासारखं सुंदर दिसेना.

झाडाखाली बसून आम्ही डबा सोडला. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि भाजलेल्या सुकटीची चटणी. कोल्हापुरी जिभेला तिखट कमीच लागलं, पण कडवे वाल गोड कसे लागतात हे मी प्रथमच अनुभवलं. तिथे नंदाने मनातलं सांगितलं.

गेल्या वर्षी पाखऱ्या मैदानात घसरला आणि त्याचा पुढचा पाय लचकला. बरा होईपर्यंत भाऊजी गोठ्यातच झोपले. त्यानंतर नंदाने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की आणखी एक शर्यत आणि बस्स. बैलाचं वय झालंय, आता त्याने सावलीत बसायचं.

"ते शब्द मोडायचे नाय," ती म्हणाली. "पण गो, शेवटचा गुलाल लागला पायजे. लागला तर हे सुखाने त्याला बांधतील. नाय लागला तर दोघं एकमेकांकडे बघत कुढत बसतील, आणि मी त्या दोघांकडे बघत. मी कधी देवाकडे बैलासाठी मागितलं नाय. या वेळेला मागितलंय."

मी म्हटलं, मागितलंस ते बरं केलंस. विजेतेपद मिळवूनच निवृत्त व्हावं. मोटारशर्यतीतही एकाने तसं केलंय. विजेता झाला आणि थोड्याच दिवसांत हेल्मेट ठेवून दिलं. जग हळहळलं, पण तो शहाणा.

ओट्यावर

त्या संध्याकाळी जेवायच्या आधी सगळे ओट्यावर बसलो होतो. पाखऱ्याचा जोडीदार शंभू त्याच दिवशी आला होता. तो किन्हवलीच्या काशिनाथचा बैल. इथे एका छकड्याला दोन मालकांचे बैल जुंपायची रीत आहे. एकाचा डावीकडे पळणारा, दुसऱ्याचा उजवीकडचा. पाखऱ्या डावीचा, शंभू उजवीचा. काशिनाथ चाळिशीचा, गळ्यात सोन्याची साखळी, बोलायला मोकळा. रोज लोकलने ठाण्याला कामाला जातो आणि उरलेला वेळ बैलाला देतो. त्याने मला विचारलं, मोटारींचा चॅम्पियन ठरतो तरी कसा.

मग काय, मला कोणी विचारायचाच अवकाश. मी सांगितलं की वर्षभर देशोदेशी शर्यती होतात आणि नंबराप्रमाणे गुण मिळतात. पूर्वी तर सगळे गुण धरतही नसत, फक्त चांगल्या निकालांचे धरत. त्यापायी एकदा ज्याचे एकूण गुण जास्त तो हरला आणि ज्याचे कमी तो जिंकला. एका वर्षी अर्ध्या गुणाने विजेतेपद गेलं. एकदा पावसामुळे सगळ्या गाड्या नुसत्या रांगेत फिरल्या, शर्यत झालीच नाही, तरी अर्धे गुण वाटले. आणि एका वर्षी तर विजेता ठरला तेव्हा तो जगातच नव्हता. शेवटच्या काही शर्यतींआधीच तो अपघातात गेला होता, पण त्याच्या गुणांना कोणी गाठू शकलं नाही.

"म्हंजे मेलेल्याला गुलाल," काशिनाथ म्हणाला.

मग मी दादाची लाडकी गोष्ट काढली. फार जुनी, विश्वविजेतेपद सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हाची. दोन चालक एकमेकांच्या मागे लागलेले. एका शर्यतीत दुसऱ्याची गाडी फिरून बंद पडली, त्याने ती उतारावर ढकलून चालू केली. पंच म्हणाले, हा उलट दिशेने गेला, बाद करा. तेव्हा पहिला, म्हणजे त्याचा प्रतिस्पर्धी, आपण होऊन पुढे आला. मी पाहिलंय, म्हणाला, तो रस्त्यावर नव्हता, कडेला होता. बाद करू नका. पंचांनी ऐकलं, दुसऱ्याचे गुण राहिले. वर्षाअखेर तो दुसरा विश्वविजेता झाला, एका गुणाने. आणि साक्ष देणारा पुढे किती वर्षं धावला, पण विजेता कधीच झाला नाही.

"दादा म्हणायचा तोच सगळ्यांत मोठा. मी म्हणते, चूक केली. पंचांनी विचारलं नव्हतं, गप्प बसायचं. भाऊजी, तुम्ही काय केलं असतं?"

दत्ताभाऊजी तंबाखू मळत होते. त्यांनी ती चिमूट दाढेत ठेवली आणि म्हणाले, "ताय, तुमचं बरोबर. गुलाल तो गुलाल. उगा कशाला बोलायचं?"

मी नंदाकडे विजयी मुद्रेने पाहिलं. इतक्या वर्षांत माझ्या बाजूने पहिलं मत पडलं होतं.

किन्हवली, सरळगाव, मुरबाड

सकाळी टेम्पोत गवताची गादी पसरून दोन्ही बैल चढवले. नंदाने त्यांना ओवाळलं, पाखऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ती आत निघून गेली. लग्न झाल्यापासून ती एकदाही मैदानात गेलेली नाही. मी टेम्पोच्या पुढच्या बाकावर, भाऊजी मागे बैलांपाशी उभे. टेम्पो इतक्या हळू चालला होता की सायकलवाले पुढे जात होते. मोटारशर्यतीच्या गाड्या विमानातून आणतात, असं मी टेम्पोवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, बैल विमानात घाबरंल.

किन्हवलीत काशिनाथची माणसं आली, अंगात शंभूचा फोटो छापलेले टीशर्ट. सरळगावच्या बाजारात गरम भजी खाल्ली. लाल माती, कुडाची घरं, मध्येच एखादा बंगला आणि त्याच्या कुंपणावर शेतघराची पाटी. मुरबाडकडे वळल्यावर समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. आमच्याकडेही सह्याद्री आहे, पण आम्ही त्याच्या खांद्यावर बसलेलो. इथे तो डोक्यावरून वाकून बघतो.

मैदान मुरबाडच्या अलीकडे, कापलेल्या खाचरांचे बांध मोडून केलेलं. दोन पट्टे, मध्ये चुन्याची रेघ. टोकाला निशाण, मंडप, भोंगे. एक समालोचक न थांबता बोलत होता, आणि खरं सांगते, टीव्हीवरच्या आमच्या समालोचकांपेक्षा त्याला जास्त कळत होतं. जनावरांचे डॉक्टर प्रत्येक बैल तपासत होते. चाबूक नाही, काठी नाही, टोचणी नाही. हाकणाऱ्याने नुसत्या आवाजाने आणि शेपटीला हात लावून हाकायचं. बायका मोजक्याच होत्या. एका आजीबाईंनी मला विचारलं, "तुझा कंचा बैल?" मी म्हटलं, "पाखऱ्या." त्यांनी मला सरकून जागा दिली.

समोरची जोडी मुरबाडजवळच्याच बाळारामची. पन्नाशीचा, बुटका, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. भाऊजींची आणि त्याची जुनी ओळख, पण शर्यतीच्या दिवशी दोघे एकमेकांकडे बघत नव्हते. आमच्यातही असंच असतं.

भाऊजी एरवी डावा पट्टा मागून घेत, पण या मैदानात पट्टा चिठ्ठीने ठरायचा. चिठ्ठी निघाली. बाळारामच्या छकड्याला डावा पट्टा आला, आमच्या छकड्याला उजवा.

मी भाऊजींसोबत मध्यावर गेले. ते नेहमीप्रमाणे डाव्या बांधावर जाऊन उभे राहिले. आयुष्यभर तिथेच उभे राहिलेत. पट्टा बदललाय, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मला उशिरा जाणवलं, तेही नीटसं नाही. काहीतरी वेगळं आहे एवढंच वाटलं, आणि तोवर झेंडा पडला.

इतका आवाज मी कधी ऐकला नव्हता. इंजिनांचा आवाज टीव्हीच्या बटणाने कमी करता येतो. इथे जमीन पायाखाली धडधडत होती. बाळारामची जोडी आमच्या बाजूने, पलीकडे पाखऱ्या आणि शंभू, आणि पाखऱ्या अर्ध्या मानेने पुढे. मी नाही नाही ते ओरडत होते. छकडे जवळ आले तसे भाऊजींनी दोन्ही हात वर केले आणि छाती फुटेस्तोवर हाक दिली, "घराला येऽ रे बाबाऽ."

पाखऱ्याने हाक ऐकली. त्याने मान आमच्याकडे वळवली आणि तो हाकेच्या दिशेने आला. रेघ ओलांडून, थेट बाळारामच्या पट्ट्यात. दोन्ही छकड्यांची चाकं एकमेकांना घासली, धुरळा उडाला आणि काही दिसेनासं झालं. हाकणाऱ्यांनी कसेबसे सावरले. धुरळ्यातून बाळारामची जोडी आधी बाहेर पडली आणि निशाणाखालून गेली. आमची मागोमाग.

भाऊजींचे हात अजून वरच होते. ते खाली आणायला त्यांना वेळ लागला.

आम्ही निशाणापाशी पोचलो तोवर तिथे गर्दी उसळली होती. काशिनाथ पंचांसमोर तावातावाने बोलत होता. बाळारामच्या जोडीने आमचा पट्टा कापला, चाकाला चाक घासलं, तो छकडा बाद करा, गुलाल आमचा. आमच्या बाजूची सगळी माणसं हेच ओरडत होती, आणि खोटं बोलत होती असंही नाही. लांबून त्यांना तसंच दिसलं होतं. मोबाइलवाले सगळे निशाणापाशी. मध्यावर नुसता धुरळा. हाकणारे दोघेही म्हणत होते, समोरचा आला. पंचांनाही आमचंच म्हणणं पटत चाललं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

हाकणारे सोडले तर खरं काय ते दोनच माणसांना माहीत होतं. त्यातली एक मी. आणि मला लाज न बाळगता सांगायचं आहे की मी गप्प बसायचं ठरवलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे ओट्यावर वाट बघणारी नंदा होती.

वयस्कर पंच म्हणाले, "मध्यावर कोन होता?"

"दत्ता होता," काशिनाथ म्हणाला. "त्याला इचारा. तो सांगंल."

इथे एक रीत आहे. वाद मिटत नसला की मालकाने आपल्या बैलाच्या वशिंडावर हात ठेवून बोलायचं. मग त्यावर कोणी शंका घेत नाही. मोटारशर्यतीत अशा वादासाठी बंद खोली असते, पडदे असतात, गाडीच्या प्रत्येक श्वासाची नोंद असते, आणि निकाल लागेस्तोवर प्रेक्षक झोपून जातात. इथे गर्दी बाजूला झाली आणि पाखऱ्याला पुढे आणलं. तो धापा टाकत होता, तोंडाला फेस. भाऊजी दिसताच त्याने मान त्यांच्या छातीला लावली.

भाऊजींनी वशिंडावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने त्याच्या तोंडाचा फेस पुसला.

"बाळारामची जोडी सरळ होती," ते म्हणाले. "माझा बैल त्याच्या पट्ट्यात गेला. मी हाक मारली म्हनून गेला. मी चुकीच्या बांधावर उभा होतो."

काशिनाथने त्यांच्याकडे असं पाहिलं की मला मान वळवावी लागली.  शंभूचा कासरा सोडून तो बैल घेऊन निघून गेला. त्याच्याही बैलाचा गुलाल गेला होता, आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं. गुलाल उधळला तो पलीकडे. आमच्या अंगावर वाऱ्याने थोडा आला, तेवढाच.

परतीच्या वाटेवर मी मागे, पाखऱ्याजवळ बसले. न राहवून विचारलं, "भाऊजी, काल तर तुम्ही म्हणालात गप्प बसायचं."

"तुमी मोटारीचं इचारलं होतं ताय." त्यांचा हात अजून वशिंडावरच होता. "हा माझ्या हाकेला आला. आता याच्याच अंगावर हात ठेवून सांगू का, मी हाक मारलीच नाय?"

 दादाची फार आठवण झाली.

पुन्हा ओट्यावर

नंदा दारात उभी होती. तिने पाखऱ्याचं कोरं कपाळ पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि ओवाळणीचं ताट आत ठेवून पाण्याची बादली आणली. झालेलं सगळं मीच सांगितलं. ती ऐकत बैलाचे पाय धूत राहिली. शेवटी म्हणाली, "चुकीच्या बांधावर उभं राहायला काय झालं होतं?" आणि मग तिला रडू आलं.

दिवेलागणीला फटफटी वाजली. बाळाराम आला होता, एकटाच. कपाळावर गुलाल तसाच. त्याने खिशातून गुलालाची पुडी काढून ओट्यावर ठेवली. "पाखऱ्याला लाव, दत्तादादा."

"उसना गुलाल आमी लावीत नाय," भाऊजी म्हणाले, पण त्याला बसायला घोंगडी टाकली.

बाळाराम बसला. चहा झाला. मग त्याने मुद्द्याला हात घातला. त्याच्या डावीच्या बैलाला चाक घासून खरचटलं होतं आणि महिन्याने दुसरं मैदान होतं. "काशिनाथ आता तुला बैल द्यायचा नाय. माझ्याकडे उजवीचा हाय, डावीचा नाय. जुंपू या?"

भाऊजींनी मान हलवली. "नाय. ही शेवटची होती. घरात शब्द दिलाय."

 गोठ्यात पाखऱ्या कडबा खात होता, तेवढाच आवाज. नंदा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पुडी अजून ओट्यावर होती. तिने ती उचलून देवळीत नेऊन ठेवली.

"शब्द मला दिलाय ना?" ती म्हणाली. "मग मी सांगते. डॉक्टर बोलला पळंल, तर जुंपा. पण मी येनार मैदानात. यांना बरोबर बांधावर उभं करायला कोनतरी पायजे."

कोल्हापूर

मी घरी परतले. रविवारी शर्यत होती, मी टीव्ही लावला आणि पहिल्यांदाच निकालाआधी गुणांची बेरीज केली नाही. दादाच्या फोटोकडे बघून म्हटलं, तुझा माणूस मोठा होता, जा. इतक्या वर्षांचं भांडण मी असं एका वाक्यात हरले आणि मला बरं वाटलं.

महिन्याने मोबाइलवर नंदाचा फोटो आला. मैदानात उभी, घामाघूम, आणि डोक्यावर माझी लाल टोपी, जिची अर्धी किनार पाखऱ्याने खाल्ली होती. मागे पाखऱ्या उभा. त्याच्या कपाळावर गुलाल आहे का, हे मी फोटो मोठा करकरून पाहिलं. नव्हता.

मी फोन केला. सांत्वनाचे शब्द जुळवून ठेवले होते, पण बोलायची संधीच मिळाली नाही.

"हरलो गो, एका मुंडीनं. पण काय पळाला म्हणून सांगू. हे बरोबर उजव्या बांधावर होते, हाक पण वेळेवर दिली. त्या समोरच्यांचा बैल झेंड्याआधीच सुटला होता, मी स्वतः बघितलं, पण पंच ऐकतील तर ना. आणि तो पट्टा, त्यात एवढा खड्डा. मी जाऊन सांगितलं त्यांना, पुढच्या वेळेला आधी रोलर फिरवा."

ती अशी बोलत राहिली. मी रविवारी टीव्हीशी बोलते तशीच. शेवटी मध्येच थांबवून मी विचारलं, "नंदा, पण पाखऱ्याची शेवटची शर्यत होती ना ही?"

 ती म्हणाली, "ही नाय गो. पुढची."